४८ गुणांचा हंगाम: कोलोराडो अ‍ॅव्हलांच, २०१६-१७

उत्तर अमेरिकेतल्या आईस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात ८२ साखळी सामने खेळतो. जिंकला तर २ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरला तर १, ठरल्या वेळेत हरला तर शून्य. प्लेऑफ म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी गाठायची तर साधारण ९५ गुणांपर्यंत पोचावे लागते. २०१६-१७ मध्ये डेन्व्हरच्या कोलोराडो अ‍ॅव्हलांच संघाने ४८ गुण मिळवले. २२ सामने जिंकले, ५६ हरले आणि ४ जादा वेळेत गमावले. १६६ गोल केले, २७८ खाल्ले. ३० संघांच्या तक्त्यात त्यांच्या लगेच वर व्हँकुव्हर होते, तेही दुबळेच, पण त्यांचे गुण ६९ होते. म्हणजे शेवटून पहिल्या आणि शेवटून दुसऱ्या संघात २१ गुणांची दरी.

२००५ मध्ये लीगने पगारमर्यादा आणली. संघांनी खेळाडूंवर किती खर्च करायचा याची कमाल रक्कम ठरली, श्रीमंत आणि गरीब संघांतले अंतर कमी व्हावे म्हणून. तेव्हापासून ८२ सामन्यांच्या हंगामात एवढे कमी गुण तोवर कोणत्याच संघाच्या नावावर नव्हते. पुढे २०२३-२४ मध्ये सॅन होजे ४७ वर थांबले, तेव्हा कोलोराडोच्या नावावरचा हा डाग दुसरीकडे गेला.

तळाला जाणारे संघ दरवर्षी असतात. त्यांच्याकडे बहुतेक वेळा खेळाडूच नसतात, त्यामुळे निदान सोपे असते. कोलोराडोचे तसे नव्हते. नेथन मॅकिनन हा २०१३ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे कोवळ्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिला खेळाडू, कर्णधार गेब्रिएल लांडेस्कोग २०११ मधला दुसरा, मॅट ड्युशेन २००९ मधला तिसरा, मिको रांटानेन २०१५ मधला दहावा. बचावात एरिक जॉन्सन आणि टायसन बॅरी. यातला एकही खेळाडू उताराला लागलेला नव्हता. असा संघ ४८ गुणांवर येतो कसा, आणि आल्यावर चालवणाऱ्यांनी काय करायचे असते, हे दोन प्रश्न या प्रकरणात आहेत. माझ्या मते पहिल्याचे उत्तर २०१६-१७ मध्ये शोधून सापडत नाही. आणि दुसऱ्याचे उत्तर देताना जनरल मॅनेजर जो सॅकिक यांनी जे केले नाही, ते त्यांनी जे केले त्याच्याइतकेच महत्त्वाचे ठरले.

चांगल्या हंगामाने केलेले नुकसान

२०१२-१३ चा हंगाम खेळाडू-मालक वादामुळे ४८ सामन्यांचाच झाला आणि कोलोराडो त्यात शेवटून दुसरे होते. त्यातून मॅकिनन मिळाला. त्याच उन्हाळ्यात संघाच्या जुन्या वैभवातली दोन माणसे कारभारात आली. सॅकिक हॉकी विभागाचे प्रमुख झाले आणि गोलरक्षक म्हणून ख्याती मिळवलेले पात्रिक रुवा मुख्य प्रशिक्षक. १९९६ आणि २००१ अशी दोन्ही स्टॅन्ली कप (लीगच्या विजेत्याचा चषक) विजेतेपदे या दोघांनी एकत्र जिंकलेली. पहिल्याच वर्षी, २०१३-१४ मध्ये, संघाने ५२ विजय आणि ११२ गुण मिळवले. रुवा यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार मिळाला. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटाने सातव्या सामन्याच्या जादा वेळेत बाहेर काढले, पण शहराने ते मनावर घेतले नाही. संघ तरुण होता, दिवस येणारच होते.

मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत घातक वाटतो तो हाच हंगाम. त्या वर्षी बहुतेक सामन्यांत प्रतिस्पर्धी संघ कोलोराडोपेक्षा जास्त फटके मारत होते. पक (खेळाची रबरी चकती) जास्त वेळ त्यांच्या काठीवर असे. तरी सामने जिंकले जात होते, कारण गोलमध्ये सेम्यॉन वार्लामोव्ह उभा होता. त्याने अंगावर आलेल्या फटक्यांपैकी ९२.७ टक्के अडवले आणि ४१ विजय आपल्या नावावर केले. आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्यांनी तेव्हाच सांगितले होते की हे टिकणारे नाही. गोलरक्षकाचे एक अफाट वर्ष म्हणजे संघाची ताकद नव्हे. पण ११२ गुण समोर असताना अशी शंका कोण ऐकून घेणार?

संघ बांधून झाला आहे, आता थोडी डागडुजी केली की झाले, अशा समजुतीने पुढचे निर्णय झाले. २०१४ च्या उन्हाळ्यात मधल्या फळीचा आधार पॉल स्टॅस्टनी करार संपवून सेंट लुइसला गेला. त्याच वेळी ३७ वर्षांचा जरोम इगिन्ला तीन वर्षांच्या करारावर आला. खेळाडू थोर, पण त्याची चांगली वर्षे मागे पडलेली. २०१५ मध्ये रायन ओ'रायली बफेलोला दिला गेला, आणि बचावात ३५ वर्षांचा फ्रांस्वा बोशेमँ आणला. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्लेऑफच्या आशेने मिकेल बोडकरला आणण्यासाठी तीन खेळाडू दिले. प्लेऑफ हुकलेच, आणि जुलैमध्ये बोडकर करार संपवून सॅन होजेला निघून गेला.

खरी पडझड ड्राफ्टमध्ये चालू होती. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात ज्याची थैली मोठी त्याला हवा तो खेळाडू मिळतो. हॉकीच्या ड्राफ्टमध्ये पैसा चालत नाही. कोवळ्या खेळाडूंची निवड क्रमाने होते आणि साधारणपणे तळाच्या संघांना आधी संधी मिळते. पहिल्या दोन-तीन क्रमांकांवर निवडताना चूक करणे अवघड असते. संघाची खोली ठरते ती पुढच्या निवडींवर. कोलोराडोच्या तिथल्या निवडी एकामागून एक वाया गेल्या. २०१० मधला पहिल्या फेरीतला जोई हिशॉन डोक्याच्या दुखापतीतून पुरता सावरलाच नाही, लीगमध्ये त्याचे जेमतेम १३ सामने झाले. २०१२ ची पहिल्या फेरीतली निवड वार्लामोव्हच्या बदल्यात वॉशिंग्टनला दिलेली होती. त्या जागेवर वॉशिंग्टनने फिलिप फोर्सबर्ग घेतला. २०१४ मधला कॉनर ब्लीकली लीगचा एकही सामना खेळला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतूनही वर येणारे फारसे कोणी नव्हते.

आईस हॉकीत आघाडीचे खेळाडू तीन-तीनच्या चार तुकड्यांत खेळतात. प्रत्येक तुकडी बर्फावर पाऊण-एक मिनिट राहते आणि दमली की दुसरी उतरते. सर्वांत मोठा तारासुद्धा ६० मिनिटांतली वीस-बावीस मिनिटेच खेळतो. उरलेली चाळीस मिनिटे तिसऱ्या-चौथ्या तुकडीतले आणि बचावाच्या शेवटच्या जोडीतले लोक सांभाळतात. कोलोराडोचा हाच थर हळूहळू पोकळ झाला. ११२, ९०, ८२ अशी गुणांची उतरण सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. वरचे चार-पाच खेळाडू तेच होते आणि तरुणही होते, म्हणून ही उतरण तात्पुरती वाटली.

ऑगस्ट

११ ऑगस्ट २०१६ रोजी रुवा यांनी राजीनामा दिला. संघाबद्दलची त्यांची दिशा आणि व्यवस्थापनाची दिशा जुळत नव्हती, आणि निर्णयांत त्यांना हवा तेवढा वाव नव्हता, असे त्यांनी स्वतःच सांगितले. मतभेद होणे समजू शकते. पण ही वेळ संघाला फार महाग पडली. जुलैमध्ये करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंची खरेदी संपलेली होती आणि नावाजलेले प्रशिक्षक कुठे ना कुठे रुजू झालेले होते. संघाचा सराव महिन्याभरावर आला होता.

दोन आठवड्यांनी, २५ ऑगस्टला, जॅरेड बेडनार यांची नेमणूक झाली. त्यांनी जूनमध्येच लेक एरी मॉन्स्टर्स या दुय्यम लीगमधल्या संघाला कॅल्डर कप जिंकून दिला होता. त्याआधी २००९ मध्ये तिसऱ्या स्तरावरच्या साउथ कॅरोलायना संघाबरोबर केली कप. माणूस सिद्ध झालेला होता, पण नॅशनल हॉकी लीगमध्ये ते कधी खेळलेले नव्हते आणि त्यांनी कधी प्रशिक्षणही केलेले नव्हते. आपले सहायक निवडायला, खेळाडूंना एकेकटे भेटायला, आपली पद्धत कागदावरून बर्फावर आणायला नवीन प्रशिक्षकाला पूर्ण उन्हाळा लागतो. यांना तो मिळाला नाही. त्यात सप्टेंबरमध्ये टोरंटोत विश्वचषक होता. मॅकिनन, ड्युशेन, लांडेस्कोग, वार्लामोव्ह, कार्ल सॉडरबर्ग हे सगळे आपापल्या संघांत. ज्यांच्याभोवती नवी पद्धत बसवायची तेच संघाच्या सरावात नव्हते.

हंगाम

१५ ऑक्टोबरला पहिल्या सामन्यात डॅलसला ६-५ असे हरवले. उन्हाळ्यात आणलेल्या जो कोलबोर्नने तीन गोल केले. घरच्या मैदानावर, नव्या खेळाडूची हॅटट्रिक. याच कोलबोर्नने उरलेल्या सगळ्या हंगामात मिळून एकच गोल केला. खालच्या तुकड्यांची काय अवस्था झाली ते एवढ्यावरून कळते. सॉडरबर्गचे आदल्या वर्षी ५१ गुण होते (खेळाडूच्या खात्यावर गोलचा आणि गोलला दिलेल्या पासचा प्रत्येकी एक गुण धरतात), ते या वर्षी १४ वर आले. ३९ वर्षांच्या इगिन्लाने ६१ सामन्यांत ८ गोल केले. संघभरात २० गोलांपर्यंत पोचला तो एकटा रांटानेन, आणि त्याचा हा पहिलाच पूर्ण हंगाम होता.

३ डिसेंबरला पकचा फटका अडवताना एरिक जॉन्सनच्या पायाचे हाड मोडले. बचावातला सर्वांत भरवशाचा माणूस ८२ पैकी ४६ सामनेच खेळू शकला. एका आठवड्याने, १० डिसेंबरला, माँट्रियालमध्ये १०-१ असा पराभव झाला. माँट्रियालच्या मॅक्स पॅचियोरेटीने एकट्याने चार गोल केले. कोलोराडोच्या जुन्या चाहत्यांना हा आकडा विशेष लागला असणार. डिसेंबर १९९५ मध्ये याच शहरात, माँट्रियालचा गोलरक्षक असताना, डेट्रॉइटविरुद्ध नऊ गोल खाईपर्यंत रुवा यांना बर्फावर उभे ठेवले होते. त्या अपमानानंतर त्यांनी संघ सोडला, चार दिवसांत ते कोलोराडोत आले आणि त्याच हंगामात डेन्व्हरला पहिला कप मिळाला. ज्या संघाचे भाग्य माँट्रियालच्या एका मानहानीतून उजळले होते, त्याचीच आता तिथे मानहानी झाली, आणि या वेळी रुवा संघाबरोबर नव्हते.

जानेवारीत वार्लामोव्हच्या खुब्यावर शस्त्रक्रिया ठरली आणि त्याचा हंगाम संपला. २४ सामन्यांत त्याचे ६ विजय, १७ पराभव. ज्याच्या खांद्यावर ११२ गुण उभे राहिले होते, त्याचेच शरीर थकले. पुढे भार आला कॅल्व्हिन पिकार्डवर. त्याने १५ जिंकले, ३१ हरले, २ जादा वेळेत गेले. जेरेमी स्मिथ आणि स्पेन्सर मार्टिन धरून त्या वर्षी चार गोलरक्षक वापरले गेले.

पिकार्डबद्दल मला जरा थांबून लिहायचे आहे. पडत्या संघाचा गोलरक्षक हे खेळातले सर्वांत एकाकी काम आहे. समोरचा बचाव फुटलेला, रोज रात्री एकापाठोपाठ एक फटके, आणि प्रत्येक चूक फलकावर सर्वांना दिसेल अशी. त्याचे आकडे वाईटच दिसतात, पण त्याच संघामागे उभे राहून त्याने वार्लामोव्हपेक्षा जास्त टक्के फटके अडवले. जूनमध्ये लास व्हेगासच्या नव्या संघासाठी प्रत्येक संघातून एक खेळाडू उचलला गेला, तेव्हा कोलोराडोतून गेला तो पिकार्डच.

मॅकिननच्या आकड्यांतही एक गोष्ट दडलेली होती. त्याने ५३ गुणांसह संघात पहिला क्रमांक राखला, पण गोल फक्त १६. त्यासाठी त्याने गोलवर २५१ फटके मारले होते. म्हणजे शंभरात सहा-साडेसहाच आत गेले. एवढे फटके मारणाऱ्या आघाडीपटूसाठी हे प्रमाण फार कमी आहे आणि असे प्रमाण सहसा टिकत नाही. फटक्यांची संख्या खेळाडूच्या हातात जास्त असते, ते आत जाण्याचे प्रमाण वर्षागणिक हेलकावते. डेन्व्हरच्या बातम्यांत तेव्हा प्रश्न विचारला जात होता की पहिल्या क्रमांकाचा हा खेळाडू खरेच तेवढा मोठा आहे का. २१ वर्षांचा मुलगा, आणि त्याच्यावर निकाल द्यायची एवढी घाई.

मार्चपर्यंतचे तीन मार्ग

फेब्रुवारीपर्यंत हंगाम संपल्यातच जमा होता. १ मार्च २०१७ ही खेळाडूंच्या अदलाबदलीची अंतिम तारीख. सॅकिक यांच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली म्हणजे गाभा विकणे. ड्युशेन आणि लांडेस्कोग यांच्याविषयी सगळा हिवाळा उघड चर्चा चालू होती. बरेच संघ विचारणा करत होते. चार-पाच वर्षे हाच गाभा आहे आणि निकाल हे असे, तेव्हा गाभाच सडका आहे, असा युक्तिवाद होता. वरवर पाहता तो पटतोही. दुसरी वाट म्हणजे बेडनार यांना काढणे. ४८ गुणांच्या हंगामानंतर प्रशिक्षक राहिला तर लोक आश्चर्य करतात, गेला तर कोणी विचारत नाही. तिसरी वाट पुन्हा अनुभवी नावे आणून पुढच्या वर्षी प्लेऑफची हमी शोधण्याची. तीन वर्षे तीच वाट चालून झाली होती.

सॅकिक यांनी तिन्ही बाजूला ठेवल्या. इगिन्लाला त्याच्या कारकिर्दीच्या शेवटी प्लेऑफची एक संधी मिळावी म्हणून लॉस एंजेलिसला पाठवले. लहानसहान अदलाबदली केल्या, त्यांत माँट्रियालकडून आलेल्या स्वेन आंद्रिगेटोने उरलेल्या १९ सामन्यांत १६ गुण केले. ड्युशेन आणि लांडेस्कोग जागच्या जागी राहिले, कारण मागितलेली किंमत कोणी दिली नाही. त्या दिवशी सॅकिक यांच्यावर भरपूर टीका झाली. हट्टी आहेत, बाजारभाव कळत नाही, खेळाडूंची किंमत दर आठवड्याला घसरते आहे आणि हे बसून आहेत, असे सगळे.

या टीकेत एक गोष्ट सुटली होती. ड्युशेनचा करार २०१९ पर्यंत होता, लांडेस्कोगचा २०२१ पर्यंत. मॅकिननने जुलै २०१६ मध्येच वर्षाला ६३ लाख डॉलर या दराने सात वर्षांचा करार केला होता. घाई करायला भाग पाडणारे कागदावर काहीच नव्हते. घाई होती ती फक्त बाहेरच्या दडपणाची. ४८ गुणांच्या वर्षात विकायला गेलात तर समोरचा ४८ गुणांचाच भाव देणार. ज्याच्याजवळ वेळ आहे त्याने त्या भावाला का विकावे?

सॅकिक यांच्या शांतपणामागे त्यांचे स्वतःचे अनुभव होते का, हे मी ठामपणे म्हणणार नाही, पण ती माहिती इथे नोंदवायला हवी. डेन्व्हरला येण्याआधी हा संघ क्वेबेकमध्ये नॉर्डिक्स या नावाने खेळत असे. १९८९-९० मध्ये त्याने ८० सामन्यांत १२ विजय आणि ३१ गुण मिळवले होते. त्या संघात विशीतला सॅकिक होता, आणि त्याने त्या वर्षी १०२ गुण केले होते. सहा वर्षांनी तोच खेळाडू कर्णधार म्हणून कप उचलत होता. बुडत्या संघातला चांगला खेळाडू कसा दिसतो, हे लीगमधल्या फार थोड्या व्यवस्थापकांनी एवढ्या जवळून पाहिले असेल.

मालक क्रोएन्के कुटुंबाने सॅकिक यांना ठेवले, सॅकिक यांनी बेडनार यांना. बोशेमँचा उरलेला करार पैसे देऊन संपवला. जो थर पोकळ होता तिथे हात घातला गेला, वरच्या थराला हात लावला नाही.

सोडत

तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक आपोआप मिळत नाही. मुद्दाम हरण्याचा मोह होऊ नये म्हणून तेव्हा पहिल्या तीन जागांसाठी सोडत निघत असे. सर्वांत खालच्या संघाची शक्यता तेव्हा १८ टक्के होती. २९ एप्रिल २०१७ रोजी न्यू जर्सीला पहिला, फिलाडेल्फियाला दुसरा आणि डॅलसला तिसरा क्रमांक मिळाला. कोलोराडो चौथ्यावर घसरले. नियमाप्रमाणे त्यांना याहून खाली जाणे शक्यच नव्हते. चौथ्यावर येण्याची शक्यता गणिताने जवळपास निम्मी होती, पण एवढा हंगाम भोगल्यावर तो निकाल क्रूर वाटला.

चौथ्या क्रमांकावर त्यांनी अल्बर्टातल्या ब्रुक्स बँडिट्सचा बचावपटू केल मकार घेतला. आता मागे वळून बघताना सगळे म्हणतात, नशीब उघडले. २०२२ मध्ये मकारने सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ हे दोन्ही पुरस्कार मिळवले, तेव्हा ते खरेच आहे. पण त्यामुळे या प्रकरणाचे एक चुकीचे वाचन रूढ झाले, की कोलोराडो हरले म्हणून मकार मिळाला आणि मकार मिळाला म्हणून कोलोराडो सुधारले. तारखा तसे सांगत नाहीत. मकार दोन वर्षे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकत आणि खेळत होता. त्याचा पहिला सामना एप्रिल २०१९ मधला. तोवर कोलोराडो दोनदा प्लेऑफमध्ये पोचले होते.

२०१७-१८ मध्ये ४८ चे ९५ गुण झाले. सेंट लुइसविरुद्ध हंगामाच्या शेवटच्या दिवशी प्लेऑफची जागा ठरायची होती आणि ती ५-२ अशी जिंकून घेतली. मॅकिननने ३९ गोल आणि ९७ गुण केले. फटके २८४, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा थोडेसेच जास्त, पण या वेळी शंभरात जवळजवळ चौदा आत गेले. रांटानेनने ८४ गुण केले. वार्लामोव्ह परतला. मोकळ्या बाजारातून आलेल्या अलेक्झांडर कर्फूटने ४३ गुणांची भर घातली, जे. टी. कॉम्फर आणि टायसन जोस्ट यांना पूर्णवेळ जागा मिळाली. बेडनार यांना पहिल्यांदाच पूर्ण उन्हाळा मिळाला होता. पहिली तुकडी घरचीच होती, बदलले ते तिच्या मागचे लोक. मकार तेव्हा वसतिगृहात होता.

ड्युशेनचा सौदा आणि ओटावा

ड्युशेनला संघ सोडायचा होता. सप्टेंबर २०१७ मध्ये सराव सुरू झाला तेव्हा आपण करार पाळण्यासाठी आलो आहोत, एवढेच सांगून तो बाजूला झाला. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. लहानपणापासून कोलोराडोचा चाहता असलेला हा मुलगा आठ वर्षांत दोनदाच प्लेऑफ खेळला होता. ५ नोव्हेंबरला ब्रुकलिनमध्ये आयलँडर्सविरुद्धचा सामना चालू असतानाच त्याला बर्फावरून बोलावून घेतले. ओटावा आणि नॅशव्हिल यांच्याबरोबरचा तिहेरी सौदा पक्का झाला होता. ड्युशेन ओटावाला, ओटावाचा काइल टुरिस नॅशव्हिलला. कोलोराडोला बचावपटू सॅम्युएल जिरार्ड, आणखी तरुण खेळाडू आणि ड्राफ्टच्या निवडी, त्यांत ओटावाची पहिल्या फेरीतली एक. मार्चमध्ये थांबल्यामुळे मिळालेली ही किंमत होती.

२०२२ मध्ये टँपा बेला सहाव्या सामन्यात २-१ असे हरवून कोलोराडोने स्टॅन्ली कप जिंकला. त्या संघात ४८ गुणांच्या हंगामातले पाच जण होते: लांडेस्कोग, मॅकिनन, रांटानेन, कॉम्फर आणि जॉन्सन. कर्णधाराने कप स्वतः उचलल्यावर पहिल्यांदा जॉन्सनच्या हातात दिला. मॅकिनन तेव्हाही ६३ लाखांच्याच करारावर होता, त्यामुळे पगारमर्यादेत बाकीचे खेळाडू बसवता आले. प्रशिक्षक बेडनारच होते. तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या स्तरावरचे तिन्ही कप जिंकणारे ते पहिले प्रशिक्षक ठरले.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की तळाला जा, धीर धरा, फळ मिळते. बफेलोकडे पाहावे. २०१३-१४ आणि २०१४-१५ अशी लागोपाठ दोन वर्षे ते शेवटचे होते. सॅम राइनहार्ट आणि जॅक आयकेल हे ड्राफ्टमधले दुसऱ्या क्रमांकाचे दोन खेळाडू मिळाले, कोलोराडोकडून ओ'रायली मिळाला. मग प्रशिक्षक बदलत गेले, जनरल मॅनेजर बदलत गेले, खेळाडू वैतागले. ओ'रायलीने सेंट लुइसबरोबर, आयकेलने व्हेगासबरोबर, राइनहार्टने फ्लोरिडाबरोबर कप जिंकला. २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग १४ हंगाम बफेलोला प्लेऑफ दिसले नाही. हरणे दोघांच्या वाट्याला आले होते, पण हरण्याचा दोष कोणाकडे द्यायचा यात दोघांची वाट वेगळी झाली.

आणि ओटावा. २०१६-१७ मध्ये, म्हणजे कोलोराडोच्या त्याच काळ्या वर्षी, ओटावाने ९८ गुण मिळवले आणि पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्याच्या दुसऱ्या जादा वेळेपर्यंत पिट्सबर्गला झुंजवले. एक गोल, आणि ते स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत असते. पण साखळीत त्यांनी २१२ गोल केले होते आणि २१४ खाल्ले होते. कोलोराडोने २०१३-१४ नंतर जशी स्वतःची समजूत करून घेतली, तशीच ओटावाने घेतली: संघ तयार आहे, एक मोठा खेळाडू आणला की झाले. तो खेळाडू म्हणून ड्युशेन आला. त्या हंगामात ओटावा ६७ गुणांवर शेवटून दुसरे राहिले, पुढच्या हंगामात ६४ गुणांवर शेवटचे, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्युशेन कोलंबसला गेला. ओटावाची शेवटच्या स्थानाची ड्राफ्टमधली निवड सौद्याप्रमाणे कोलोराडोकडे आली. सोडतीत तीही चौथ्या क्रमांकावर घसरली. तिच्यावर कोलोराडोने बोवेन बायरम घेतला, आणि तीन वर्षांनी कप जिंकणाऱ्या संघाच्या बचावात मकार, जिरार्ड आणि बायरम तिघेही होते.